करवीर : क्षेत्र आणि पेठ

मनुष्यास चातुर्य कशाकशाने येते हे सांगणारी, मोरोपंतांच्या नावे प्रसिद्ध असलेली एक आर्या आपल्याकडील मुलांना पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत आहे. तीत देशाटनास पहिला मान दिलेला आहे. देशाटन म्हणजे केवळ गावास जाऊन येणे नव्हे. परक्या मुलखातील माणसे काय पिकवितात, काय विकतात, कशावर जगतात आणि एकमेकांशी कशी वागतात हे डोळसपणे पाहणे, असा त्या शब्दाचा खरा अर्थ आहे. परंतु आपल्या घरांतून प्रवास म्हटला की बहुधा यात्राच अभिप्रेत असते. कोल्हापूरचेच उदाहरण घ्यावे. सकाळी आगगाडीतून उतरावे, अंबाबाईची ओटी भरावी, सायंकाळी रंकाळ्यावर फेरफटका करावा, दुसरे दिवशी पन्हाळा व जोतिबा उरकून नरसोबाच्या वाडीवरून पेढ्यांचे पुडे घेऊन परतावे, असा क्रम घरोघर ठरून गेलेला आहे. या क्रमात गैर असे काही नाही. मात्र त्यात एक गोष्ट राहून जाते, आणि ती म्हणजे खुद्द कोल्हापूरची पेठ. गेल्या मार्गशीर्षात आम्ही नातवंडांसह चार दिवस तेथे होतो. देवीचे दर्शन तर घेतलेच. पण या खेपेस मुद्दाम पेठेतून पायी हिंडलो. जे पाहिले व जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

कोल्हापूरचे पौराणिक नाव करवीर. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखली येथे तिचा संगम आहे आणि तिच्याच काठी हे नगर वसले आहे. क्षेत्र म्हणून त्याचे माहात्म्य सर्वश्रुतच आहे. पण ते बाजारपेठ म्हणूनही किती जुने आहे, याची कल्पना फार थोड्यांस असते. पंचगंगेच्या घाटाजवळ ब्रह्मपुरी नावाची एक टेकडी आहे. १९४५-४६ साली तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. त्या सुमारास तेथून ज्या वस्तू हाती आल्या, त्यांत पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवतेची काशाची एक लहानशी मूर्ती होती. ग्रीकांचा तो जणू वरुणच. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात या ठेव्याची माहिती घेता येते. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्रापासून इतक्या दूर, दर्यावर्दी लोकांचा देव आला कसा, असा प्रश्न आमच्या नातवाने विचारला. उत्तर सोपे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमी जहाजे पश्चिम किनाऱ्यास लागत, त्यांवरील माल घाट चढून देशावर येई, आणि मालाबरोबर देवही येत. राजवाडे उभे राहण्याच्या कितीतरी आधी या जागी व्यापार नांदत होता.

अंबाबाईचे देवालय पश्चिमाभिमुख आहे. मोगलाईच्या धामधुमीत मूर्ती सुरक्षित स्थळी हलविलेली होती; १७१५ साली करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत तिची पुनःस्थापना झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात व देवीच्या चरणांपासून क्रमाने वर चढत जातात. हा किरणोत्सव पाहण्यास दूरदूरचे लोक जमतात. ज्या स्थपतीने हे साधले त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही. त्याचे गणित मात्र अजून चुकलेले नाही. अडथळा आलाच तर तो अलीकडचा आहे. महाद्वार रस्त्यावर इमारती वाढल्या, मजल्यावर मजले चढले, आणि किरणांच्या वाटेत त्यांच्या कडा येतात अशी तक्रार वारंवार होऊ लागली. मोजण्या झाल्या, काही अडथळे काढले गेले. देवालयाच्या दाराशी पेठ असावीच; यात्रेकरूस हळदकुंकू, खण, नारळ तेथेच मिळावयाचे. पण पेठेने सूर्याच्या आड येऊ नये, एवढा विवेक तिने राखिला पाहिजे.

देवालयाभोवतीची ही जुनी पेठ पायीच पाहावयाची आहे. गुजरीत सोनारांची दुकाने ओळीने लागलेली आहेत. कोल्हापुरी साज येथलाच. त्याच्या एकवीस पानांत विष्णूचे दहा अवतार व अष्टमंगळ गुंफिलेले असतात. गळ्यात घालावयाचे ते एक लहानसे पुराणच म्हणावे. एका वृद्ध सराफांनी आमच्या सौभाग्यवतींस त्यातील एकेक पान उलगडून सांगितले, व खरेदी काहीच झाली नाही तरी चहा पाजल्यावाचून उठू दिले नाही. तेथून जवळच कपिलतीर्थ. नावात तीर्थ आहे, पण पाणी केव्हाच बुजले असून हल्ली तेथे भाजीची मंडई भरते. भवानी मंडपाच्या बाजूस चप्पल ओळ लागते. कोल्हापुरी चप्पल ही वस्तू जगास ठाऊक झाली आहे. ती करणारा कारागीर मात्र अजून तितकासा ठाऊक झालेला नाही. हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्याने कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीची शिवण, आणि खिळा मुळीच नाही, ही तिची जुनी रीत. खेड्याखेड्यांतील घराण्यांनी ती जपली आणि कापशीसारख्या गावांची नावे चपलांच्या जातींस मिळाली. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांस मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्रादा या बड्या पेढीने अशाच घाटाची पादत्राणे मिरविली. त्या वेळी कोल्हापूरचे नावही उच्चारले गेले नव्हते. इकडे गवगवा झाल्यानंतर आपली प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे त्या पेढीने मान्य केले. परदेशीयांनी श्रेय दिले नाही याचा आपणांस राग आला, तो योग्यच. पण ज्या हातांनी ही चप्पल शिवली त्या हातांस आपण स्वतः किती मान दिला, हेही त्याच निमित्ताने आठवावयास हरकत नव्हती. या मुद्द्याकडे पुढे वळावयाचेच आहे.

जुन्या पेठेतून स्टेशनाच्या दिशेने निघाले की गावाचे रूप पालटते. वळणावळणांचे बोळ संपतात आणि सरळ, आखीव गल्ल्या लागतात. ही शाहूपुरी. मिरजेहून कोल्हापूरपर्यंतच्या लोहमार्गाचा प्रारंभ १८८८ साली बालवयातील शाहू महाराजांच्या हस्ते झाला व १८९१ साली त्यावरून आगगाडी धावू लागली. १८९४ साली महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे आली, आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९५ साली, त्यांनी स्टेशनाच्या लगत ही नवी पेठ वसविली. हेतू स्पष्ट होता. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस व गूळ उदंड. पण तो विकावयास शेतकऱ्याने बैलगाडी हाकीत परमुलखातील पेठा गाठावयाच्या आणि तेथे तो सांगेल तो भाव घ्यावयाचा, हे किती दिवस चालणार? गूळ जेथे पिकतो तेथेच त्याचा सौदा व्हावा, आणि तो तेथूनच आगगाडीत चढावा, अशी ही योजना होती. विसांच्या आसपास वयाच्या राजाने राज्याच्या आरंभीच एखादा किल्ला वा राजवाडा न उभारता बाजार उभारावा, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

इंग्लंडात मार्केट टाउन या नावाने जी लहान गावे ओळखिली जातात, त्यांचा इतिहास येथे आठवतो. तेथे बाजार भरविण्यास राजाची सनद लागे. आठवड्याचा वार ठरलेला असे, चौकात दगडी क्रूस उभा असे, आणि त्याच्या साक्षीने सौदे होत. तेराव्या शतकातील ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावे चालत आलेल्या ग्रंथात असा नियम आहे की, एका बाजारापासून सहा मैल व दोन तृतीयांश इतक्या अंतराच्या आत दुसरा बाजार भरू नये. त्यामागील हिशेब मोठा मौजेचा आहे. माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरावयाची आणि तिचे तीन भाग करावयाचे. एक भाग जाण्यास, एक सौद्यास, एक परतण्यास. म्हणजे दिवेलागणीस मनुष्य घरी. आपल्याकडील आठवडी बाजारही याच न्यायाने वाढले. पेठ वडगावासारख्या गावाने तर आपल्या नावाच्या आधी पेठ लावून घेतली आहे. सनदेची भाषा निराळी असेल. पण बाजार आपोआप वाढत नाही, कोणीतरी तो विचाराने वसवावा लागतो व सांभाळावा लागतो, हे दोन्ही देशांत सारखेच खरे आहे.

शाहूपुरीतील गुळाचा मोठा व्यवहार पुढे मार्केट यार्डात गेला. तेथे सकाळी सौदे चालतात. पांढऱ्या कापडात बांधलेल्या गुळाच्या ढेपा ओळीने मांडलेल्या असतात. अडते, खरेदीदार, तोलाईवाले व हमाल यांची गर्दी असते, आणि एकेका थप्पीपुढे उघड लिलाव होतो. पूर्वी कित्येक बाजारांत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरावयाचा. तो अडत्यास कळे, खरेदीदारास कळे, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यासच कळत नसे. तो रुमाल उचलला गेला, ही लहान सुधारणा नव्हे. येथील गुळास सर्वांत मोठे गिऱ्हाईक गुजराथचे. २०१४ साली कोल्हापुरी गुळासही भौगोलिक मानांकन लाभले.

गूळ बाजारात पाहिला तरी तो होतो कसा हे पाहिल्यावाचून त्याची किंमत कळत नाही. म्हणून आम्ही करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळावर गेलो. चरकातून रस निघतो तो मोठ्या काहिलीत पडतो. खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. रसास आधण आले की रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणावयाची व ती काढून टाकावयाची. हळूहळू रंग पालटतो, बुडबुडे जड होतात, आणि मग सर्व कारखान्याचा जीव एका माणसाच्या डोळ्यांत येतो. तो माणूस म्हणजे गुळव्या. पाण्यात थेंब टाकून गोळी होते की नाही हे तो पाहतो आणि क्षणात काहील उतरविण्याची खूण करतो. अंमळ लवकर उतरली तर गूळ बसत नाही. अंमळ उशीर झाला तर करपतो. त्याच्यापाशी उष्णतामापक नाही, घड्याळ नाही. ही विद्या कोठे शिकलात, असे विचारता तो म्हणाला, “गुरुजी, वडिलांनी धा वरसं नुसता जाळ घालायला लावला. मग म्हणाले, आता बघ.” आम्ही आयुष्य अध्यापनात घालविले, पण अध्यापनपद्धतीवर इतके थोडक्यात कोणी बोललेले आम्ही ऐकले नव्हते.

त्या गुळव्याचा मुलगा मात्र या धंद्यात नाही. गुऱ्हाळे वर्षानुवर्षे कमी होत चालली आहेत, असे तेथे सर्वांनीच सांगितले. साखर कारखाना ऊस बांधावरून उचलून नेतो व दर ठरलेला असतो. गुऱ्हाळास मजूर मिळत नाहीत, आणि पेठेत भाव गडगडला तर श्रम वाया जातात. त्यात आणखी एक किडा शिरला आहे. गिऱ्हाइकास गूळ पिवळाधमक व स्वस्त हवा असतो. म्हणून काही ठिकाणी रसात साखर मिसळतात, रंग येण्यास औषधे घालतात. अशा गुळाने प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचे तोंड बंद होते. याचा दोष केवळ करणाऱ्याचा नाही. काळसर, तपकिरी गूळ दुकानात बाजूस सारून जो उजळ ढेप उचलतो, त्याचाही त्यात वाटा आहे. आणि तो उचलणारा हात आपल्याच घरांतील असतो.

आता मघाच्या मुद्द्याकडे वळतो. कोल्हापूरच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी खुद्द छत्रपतींसाठी वेदोक्त मंत्र म्हणण्याचे पुरोहिताने नाकारले. त्यातून जो वाद पेटला त्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. ज्या वर्गाने विद्या सांभाळली, त्याने तिच्यावर कुलूपही घातले, हे कटू सत्य त्या वादाने उघडे केले. संस्कृताचे अध्ययन आम्ही जन्मभर केले, त्या भाषेवर आमचे प्रेम आहे, आणि म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटत नाही. जी विद्या दुसऱ्याच्या कानी पडल्याने विटाळते असे मानिले, ती विद्या आपण ओळखलीच नव्हती.

हे कुलूप उघडण्याचे एक काम शाहू महाराजांनी केले ते पेठेतच. गंगाराम कांबळे नामक अस्पृश्य गणलेल्या गृहस्थास त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान घालावयास साह्य केले. सत्यसुधारक हॉटेल हे त्याचे नाव. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, स्वतः चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. राजाने घेतलेल्या चहास नाही कोण म्हणणार! १९१९ साली सार्वजनिक इमारती, पाणवठे, शाळा व दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूरजवळील माणगावी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली व महाराज तीस उपस्थित राहिले. परंतु हुकमाआधी चहाचा पेला आला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. बाजारात माणूस माणसास नाणे देतो व वस्तू घेतो. त्या देवघेवीत हातास हात लागतोच. देवळाच्या पायरीवर जे शतकानुशतके अडून बसले, ते पेठेच्या रस्त्यावर थोडेसे सैल झाले. बाजार माणसास साधू करीत नाही, हे खरे. हत्त्याचा रुमालही बाजारातलाच. पण तो माणसांस एकत्र आणतो, आणि कोणी शहाणा त्याच्या माथ्यावर असेल तर त्या एकत्र येण्यातून समाज घडतो.

आणि पेठ वसवून महाराज थांबले नाहीत. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे, पुढे मुसलमानांचे, अस्पृश्यांचे व इतर अनेक जातींचे. गुळाच्या गाडीबरोबर खेड्यातला शेतकरी गावात येई. आता त्याचा मुलगाही येऊ लागला, आणि राहू लागला. २६ जुलै १९०२ रोजी महाराज विलायतेस असताना मागासलेल्या वर्गांसाठी राज्यातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखण्याचा जाहीरनामा निघाला. त्याच प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून त्यांस खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. ते मैदान १९१२ सालचे. मैदानालगतचे पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले नाट्यगृह या नावाने प्रसिद्धीस आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसरे दिवशी केशवरावांची जयंती होती. गावातील वृद्ध माणसे त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडली, असे आमच्या यजमानांनी सांगितले. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली ही समाधानाची गोष्ट. ज्या गावास आपल्या नाट्यगृहासाठी अश्रू येतात, त्या गावाची पेठ नुसती पैशाची नाही.

आता आसपासच्या स्थळांविषयी. पेठ मनात ठेवून ती पाहिली म्हणजे नेहमीचीच स्थळे निराळी दिसतात. पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटर. भोज शिलाहाराने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा दुर्ग. १६६० च्या सिद्दी जोहराच्या वेढ्यातून शिवछत्रपती जुलैच्या पावसाळी रात्री येथूनच निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून देह ठेविला, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. पण तो वेढा चार महिने सोसला कसा, याचे उत्तर अंबरखान्यात आहे. गंगा, यमुना, सरस्वती या नावांची तीन प्रचंड धान्यकोठारे तेथे उभी असून त्यांतील गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावे असे सांगतात. किल्ला तोफेने लढतो तितकाच दाण्याने लढतो, आणि तो दाणा खालच्या गावांतून व पेठांतूनच वर जातो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. याच गडावर १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला. देशाटनाची थोरवी ज्यांच्या नावे आपण घोकली, ते कविराज स्वतःही हा गड सोडून बारामतीस जाऊन राहिले.

वाटेवर वाडी रत्नागिरी, म्हणजे जोतिबाचा डोंगर. चैत्री पौर्णिमेस येथे उंच सासनकाठ्या नाचवीत लोक येतात आणि गुलालाने सारा डोंगर रंगतो. त्या गुलालात कोणाची जात कोणती हे ओळखू येत नाही. पूर्वेस कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमी नरसोबाची वाडी. तेथील दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे पुराचे पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडणे, हा भाविकांस पर्वणी वाटतो. मात्र २००५, २०१९ व २०२१ साली तेच पाणी शिरोळ तालुक्यातील गावांत व खुद्द कोल्हापुरात शिरले. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती वाचविण्याची धावपळ २०१९ साली लोकांनी पाहिली. नदी देवी आहे असे म्हणणाऱ्यांनी तिची वाट मोकळी ठेवणे हाही पूजेचाच भाग समजला पाहिजे.

वाडीहून पुढे कृष्णेकाठी खिद्रापूर. तेथील कोपेश्वराचे देवालय शिलाहारांच्या काळचे, आणि त्याचा स्वर्गमंडप महाराष्ट्रात अद्वितीय म्हणावा असा. वर्तुळाकार छताचा मध्यभाग उघडा ठेवलेला असून खालच्या वाटोळ्या शिळेवर उभे राहिले की डोक्यावर थेट आकाश. भोवती ४८ स्तंभ आणि देवालयाच्या पायथ्याशी हत्तींची रांग. संस्कृत जाणणाऱ्याने तेथील यादवकालीन शिलालेखापुढे थोडा वेळ अवश्य थांबावे. परतीच्या वाटेवर जयसिंगपूर लागते. रेल्वेच्या काठी सरळ रेषेत आखलेले हे गावही शाहू महाराजांनीच वसविले, आपल्या जनक पित्याच्या नावे. त्याच अंगास इचलकरंजी. १९०४ साली तेथे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि त्यातून एक संपूर्ण शहर विणले गेले. पश्चिमेस सवड असेल तर राधानगरीचे धरण पाहावे. हेही शाहू महाराजांनीच आरंभिलेले काम, त्यांच्या पश्चात पूर्ण झाले. धरण भरले की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. उसास पाणी, उसाचा गूळ, गुळास पेठ, पेठेस आगगाडी, आणि पेठेत येणाऱ्याच्या मुलास वसतिगृह, अशी ही साखळी आहे. तिचा एक दुवा पाहून दुसरा न पाहणे म्हणजे श्लोकाचा एकच चरण म्हणून उठण्यासारखे होय.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या सूचना. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. त्या वेळी गुऱ्हाळे चालू असतात व हवा सुखावह असते. निदान चार दिवस हाती असावेत. त्यांतील एक संपूर्ण दिवस पेठेस द्यावा व तो पायी हिंडण्यात घालवावा. गूळ बाजार सकाळीच पाहावा. दुपारी तेथे काही उरत नाही. रविवार असेल तर लक्ष्मीपुरीचा बाजार चुकवू नये. सायंकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. तेथे समोर पिळलेले फेसाळ दूध पेल्यातून मिळते, तो पैलवानांचा मान नातवंडांसही मिळू द्यावा. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जाताना ब्रह्मपुरीच्या उत्खननाची हकीकत मुलांस आधी सांगून ठेवावी, म्हणजे तेथील काचेच्या पेट्या बोलू लागतात. आणि माणगावाचा फाटा मोटारीतून नुसता मागे टाकू नये. अर्धा तास काढून तेथे उतरावे.

घरी आणावयाच्या वस्तूंत अंगारा व पेढे असतातच. त्यांत गुळाची एक ढेप अवश्य असावी. पण ती घेताना रंग पाहू नये. यात साखर आहे काय, असे दुकानदारास स्पष्ट विचारावे, आणि नाही म्हणून सांगितलेल्या काळसर गुळास दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी द्यावेत. चप्पल घेतल्यास ती शिवणारा कोणत्या गावचा, हे विचारून ठेवावे. मुले विचारतील तेव्हा ते गाव नकाशावर दाखविता येईल. संक्रांतीस तिळगूळ वाटताना गोड बोलण्याची विनंती आपण एकमेकांस करितो. त्या गुळाच्या मागे जाळ घालणारे, उसाची मोळी वाहणारे व ढेप पाठीवर घेणारे किती हात आहेत, हे घरातील एका तरी मुलास ठाऊक असले, म्हणजे कोल्हापूरची यात्रा पुरी झाली असे आम्ही समजू.